गल्लीतली जुगाराची मशीन्स बंद कशी पाडायची: मुंबईकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

स्टेशनच्या बाहेर, बाजाराच्या मागच्या गल्लीत, कधी चाळीच्या तळमजल्यावर असा एक गाळा असतो. पाटी नसते, असलीच तर ‘गेम झोन’ किंवा ‘व्हिडिओ गेम’ एवढीच अक्षरं. शटर कमरेपर्यंत खाली, मागे काळी फिल्म लावलेली काच. आत भिंतीला लागून पडदे, प्रत्येक पडद्यासमोर प्लास्टिकचं स्टूल आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी वही घेऊन बसलेला एक मुलगा. नाव गेमचं असलं तरी तिथे पोरं खेळताना दिसत नाहीत. दिसतात ते नाक्यावरचे बिगारी, रिक्षावाले, वॉचमन, हॉटेलात काम करणारे. महिन्याच्या सात ते दहा तारखेला, पगार हातात आले की, तिथे स्टूल रिकामं मिळत नाही. आपण रोज समोरून जातो आणि ‘वरपर्यंत सेटिंग असणार’ म्हणून गप्प बसतो.

असा गाळा बंद पाडता येतो. मात्र तो एका फोनने किंवा एका मोर्चाने बंद होत नाही. धाड पडते, दोन दिवस शटर खाली राहतं आणि पुढच्या आठवड्यात नवी मशीन्स येतात, हा अनुभव मुंबईत जागोजागी आहे. म्हणून नुसती धाड मागू नका. तो गाळा ज्या आधारांवर उभा आहे, म्हणजे मालकाची संमती, भाडेकरार, वीज, महापालिकेचे कागद, ते एकेक करून काढून घ्या.

बंदी मागू नका, ती आहेच

बहुतेक सोसायट्या आणि मंडळं पहिल्याच पत्रात ‘अशा मशीन्सवर बंदी घालण्यात यावी’ असं लिहितात. तिथेच पत्र वाया जातं. ‘ही धोरणात्मक बाब आहे, शासनस्तरावर विचार होईल’ असं उत्तर देऊन कार्यालय मोकळं होतं.

वस्तुस्थिती अशी की महाराष्ट्रात पैसे लावून मशीनवर नशीब आजमावण्याचा धंदा आधीपासूनच गुन्हा आहे. महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियम १८८७ सालचा आहे. पूर्वी त्याला मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा म्हणत आणि पोलिसांच्या बोलण्यात आजही तेच नाव येतं. गोव्यात १९७६च्या कायद्यात पुढे दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत आणि बोटींवर अशा खेळांना परवानगीची सोय झाली. महाराष्ट्रानेही १९७६मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३मध्ये रद्दही झाला. म्हणजे मुंबईत कुणाकडेही जुगाराच्या मशीनचा परवाना असू शकत नाही. ‘आमच्याकडे लायसन आहे’ असं कुणी म्हणालं तर ते लायसन दुसऱ्या कशाचं तरी असतं, बहुतेक वेळा गुमास्त्याचं, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचं.

दारूच्या दुकानाशी याची तुलना हमखास होते. परवानाधारक दारूचं दुकान बंद करायला वॉर्डातल्या महिलांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ निवडायची सोय राज्यात आहे, मग इथेही तसं मतदान घ्या, असं सभेत कुणीतरी म्हणतंच. इथे त्याची गरज नाही. दारूच्या दुकानाला परवाना असतो, तो काढून घ्यायचा असतो. इथे काढून घ्यायला परवानाच नाही, फक्त गुन्हा आहे. पत्रात बंदीऐवजी ‘अंमलबजावणी’ हा शब्द वापरा आणि कलमं लिहा.

कामाची कलमं मोजकी आहेत. कलम ४ जुगार अड्डा चालवणाऱ्यासाठी, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेच कलम जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्या मालकाला, अड्ड्याची देखरेख करणाऱ्याला आणि पैसा पुरवणाऱ्यालाही लागतं. पुढचं निम्मं काम याच वाक्यावर होणार आहे. कलम ५ तिथे खेळणाऱ्यांसाठी. कलम ६ झडतीचं: मुंबईसारख्या आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांच्या लेखी आदेशाने किंवा खास वॉरंटने अधिकार मिळालेला, उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी आत शिरून झडती घेऊ शकतो. कलम ७ पोलिसांना मोठी मदत करतं. कलम ६ पाळून घेतलेल्या झडतीत जुगाराचं साहित्य सापडलं, तर ती जागा अड्डा आहे असंच धरलं जातं. तसं नाही हे समोरच्याने दाखवायचं. कलम १३ कौशल्याच्या खेळांना सूट देतं आणि बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ११२ही लागू आहे. टोळीने चालवलेला बेकायदा जुगार त्यात ‘किरकोळ संघटित गुन्हा’ म्हणून येतो आणि शिक्षा एक ते सात वर्षं आहे. एकच माणूस चार-पाच गल्ल्यांत मशीन्स पुरवतोय असं दिसत असेल तर अर्जात हे कलम जरूर लिहा. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध वेगळा कायदा मंजूर केला. गाळ्यातल्या संगणकावर बाहेरच्या सर्व्हरवरून खेळ चालत असेल तर त्याचाही उल्लेख करता येतो.

मशीन जुगाराचं आहे हे कसं ओळखायचं

मॉलमधला गेम झोन आणि हा गाळा यांत गल्लत करू नका. निष्पाप धंदेवाल्यावर तक्रार गेली की पुढच्या खऱ्या तक्रारीचंही वजन कमी होतं.

पहिली खूण म्हणजे पैसे परत मिळतात का. साध्या व्हिडिओ गेमवर पैसे देऊन खेळायचं, मजा घ्यायची आणि घरी जायचं. फार तर एखादं खेळणं मिळतं. जुगाराच्या मशीनवर काउंटरवरचा मुलगा रोख किंवा यूपीआयने पैसे घेतो, मशीनवर तेवढे पॉइंट चढवतो आणि माणूस उठताना उरलेले पॉइंट मोजून रोख देतो. कधी ही देवाणघेवाण गाळ्यात न होता शेजारच्या पानटपरीवर होते. तिकडेही लक्ष ठेवा.

दुसरी खूण खेळाचं रूप. फिरणारं चाक आणि शून्य ते नऊ आकडे (याला सगळीकडे ‘चक्री’च म्हणतात), बिंगो, तीन चित्रं जुळण्याचा खेळ, पत्त्यांची पानं उघडण्याचा खेळ. बटण दाबल्यावर निकाल लागेपर्यंत खेळणाऱ्याला हाताने करण्यासारखं काहीच उरत नसेल, तर त्यात कौशल्य कुठलं? कलम १३चा बचाव इथेच पडतो. रमीत मुख्यतः कौशल्य आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८मध्ये म्हटलं होतं. त्याचा आधार चक्रीला मिळत नाही. १९९५मध्ये कर्नाटकातल्या व्हिडिओ गेमच्या प्रकरणात याच न्यायालयाने अशा धंद्यावर परवान्याची अट घालणं योग्य ठरवलं. त्याच्याही आधी, १९५७मध्ये, मुंबई राज्याच्या एका खटल्यात जुगाराला ‘व्यापार’ म्हणून घटनेचं संरक्षण नाही असं घटनापीठाने स्पष्ट केलं होतं. ‘आमच्या पोटावर पाय आणता’ या युक्तिवादाला हे उत्तर आहे.

तिसरा प्रकार ‘ऑनलाइन लॉटरी’ची पाटी. सरकारी लॉटरी कायदेशीर आहे. महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी १९६९पासून चालू आहे. पण १९९८च्या केंद्रीय लॉटरी कायद्यानुसार एकाच अंकावर बक्षीस लावता येत नाही. दुकानात एका अंकावर पैसे लागत असतील आणि हातात साधी चिठ्ठी मिळत असेल, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तो जुगार आहे.

मशीन माणसाला कसं पिळतं हे एकदा समजून घ्या, सभेत सांगायला उपयोगी पडतं. लावलेल्या पैशांतले किती परत द्यायचे हे आत आधीच ठरवलेलं असतं. समजा, शंभरातले ऐंशी परत द्यायचे असं लावलंय. ५०० रुपये घेऊन बसलेला माणूस जिंकलेले पैसे पुन्हा लावतो. सगळे पैसे एकदा फिरले की सरासरीने ४०० उरतात, दुसऱ्यांदा ३२०, तिसऱ्यांदा २५६, आणि पाचव्यांदा फिरल्यावर जेमतेम १६४. मधेमधे मिळणाऱ्या छोट्या जिंकण्यामुळे ही घसरण खेळणाऱ्याला दिसत नाही. आणि हे ऐंशी खरोखर ऐंशी आहेत की पन्नास, हे तपासणारं मुंबईत कुणी नाही.

आमच्या भागात घरकाम करणाऱ्या एका मावशींच्या घरातलं सांगते. आधी मुलीच्या क्लासची फी थकली, मग गॅसचा दुसरा सिलिंडर विकला गेला, मग कानातली फुलं गहाण पडली. नवरा दारू पीत नाही, मारहाण करत नाही, त्यामुळे ‘व्यसन’ हा शब्द बराच काळ कुणाच्या तोंडी आला नाही.

नोंदी ठेवा, आत मात्र जाऊ नका

पुरावा मिळवायला आत जाऊन खेळण्याचा मोह टाळा. खेळणं हाच कलम ५चा गुन्हा आहे, आणि जुगार चालू असताना आत सापडलेला माणूस खेळायलाच आला होता असं कायदा गृहीत धरतो. छुपा कॅमेरा घेऊन शिरणंही नको. ते धोक्याचं आहे आणि त्याची गरजही नाही.

बाहेरून जे दिसतं ते पुरेसं असतं. एक साधी वही करा. तारीख, वेळ, शटर किती उघडं, साधारण किती माणसं आत गेली, पैसे घेताना-देताना दिसले का, भिंतीवर क्यूआर कोड लावलाय का, मशीन उतरवणाऱ्या टेम्पोचा नंबर. दोन-तीन वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी नोंदी कराव्यात. पत्ता नेमका हवा: गाळा नंबर, इमारतीचं किंवा चाळीचं नाव, समोरची खूण, मागच्या बाजूला दार असेल तर तेही. मागचं दार अर्जात नसेल तर धाडीच्या वेळी माणसं तिथूनच जातात.

रस्त्यावरून किंवा सोसायटीच्या सीसीटीव्हीतून मिळालेलं चित्रण असेल तर मूळ फाइल ज्या फोनवर किंवा डीव्हीआरवर आहे तिथेच जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत न्यायालयात टिकवणं अवघड जातं. डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं. खेळणाऱ्यांचे चेहरे ग्रुपवर टाकू नका. त्यांच्या घरात आधीच पुरेसं बिनसलेलं असतं, शिवाय बदनामीची तक्रार उलट तुमच्यावर येऊ शकते.

माहितीचा अधिकार: पोलिसांकडे जाण्याच्या आधी की नंतर?

दोन्ही कामं एकाच आठवड्यात सुरू करा. माहिती यायला ३० दिवस लागतात. तेवढं थांबून मग तक्रार करण्यात अर्थ नाही.

अर्ज वेगवेगळे करा, कारण महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा आहे. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. ऑनलाइनही भरता येतं. पहिला अर्ज पोलीस आयुक्तालयाला: या पत्त्यावर सार्वजनिक करमणुकीच्या जागेचा कुठलाही परवाना दिला आहे का, असल्यास त्याची प्रत आणि अटी. तोच प्रश्न शहर किंवा उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक शाखेला. दुसरा अर्ज महापालिकेच्या विभाग कार्यालयाला: या गाळ्याची दुकाने व आस्थापना नोंदणी किंवा सूचना कुठल्या व्यवसायासाठी आहे, मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३९४खाली परवाना आहे का, मंजूर नकाशात गाळ्याचं क्षेत्रफळ किती आणि वापर कोणता. तिसरा पोलीस ठाण्याला: गेल्या तीन वर्षांत या पत्त्यावर जुगार प्रतिबंध अधिनियमाखाली किती गुन्हे नोंदले, किती प्रकरणांत दोषारोपपत्र गेलं, जप्त मशीन्सची सद्यस्थिती काय.

हा तिसरा अर्ज फार मोलाचा. ‘कारवाई चालू आहे’ हे तोंडी उत्तर आणि ‘निरंक’ हा लेखी शब्द यांत फरक असतो, आणि वरच्या अधिकाऱ्यासमोर तो लेखी शब्दच चालतो. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. एक सूचना: माहितीचा अर्ज गाळ्याच्या अगदी शेजारी राहणाऱ्याने करू नये. दुसऱ्या वॉर्डातल्या नातेवाइकाने किंवा ओळखीच्या वकिलाने केला तरी माहिती तीच मिळते.

पोलिसांकडचा अर्ज

चालू जुगाराची तातडीची खबर द्यायची तर ११२. पण फोन हा अर्जाला पर्याय नाही. लेखी अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठू नका. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर वाद घालत बसू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. नमुना असा:

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
(ठाण्याचं नाव), मुंबई.

विषय: (पूर्ण पत्ता) येथे मशीनवर पैसे लावून चालणाऱ्या जुगाराबाबत.

महोदय,
आम्ही खाली सही करणारे याच परिसरातील रहिवासी आहोत. वरील गाळ्यात रोज साधारण (वेळ) ते (वेळ) इलेक्ट्रॉनिक मशीनवर पैसे लावून जुगार चालतो. काउंटरवर रोख किंवा यूपीआयने पैसे घेऊन मशीनवर पॉइंट दिले जातात व उरलेल्या पॉइंटचे रोख पैसे परत केले जातात. आम्ही पाहिलेल्या तारखा व वेळा सोबतच्या तक्त्यात आहेत. गाळ्याला मागील बाजूसही दार आहे.
महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियम, १८८७च्या कलम ६ प्रमाणे जागेची झडती घ्यावी, कलम ४ व ५ खाली गुन्हा नोंदवावा, मशीन्स, हिशेबाच्या वह्या व क्यूआर कोडशी जोडलेल्या खात्याचा तपशील ताब्यात घ्यावा, तसेच मशीन पुरवणारी व्यक्ती व जागामालक यांची भूमिका तपासावी.
तक्रारदारांची नावे गोपनीय ठेवावीत. केलेल्या कारवाईची माहिती लेखी मिळावी, ही विनंती.

अर्जात ‘पोलिसांचा हप्ता आहे’ असं लिहू नका. खरं असलं तरी सिद्ध करता येत नाही आणि जो प्रामाणिक अधिकारी कारवाई करू शकतो तोही दुखावतो. लाच मागितल्याचं प्रत्यक्ष तुमच्या बाबतीत घडलं तर त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. तो मार्ग वेगळा, अर्जही वेगळा.

पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर पहिल्या अर्जाची प्रत जोडून सहायक पोलीस आयुक्तांकडे, मग परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे जा. गुन्हे शाखेच्या समाजसेवा शाखेलाही प्रत द्या. अशा ठिकाणांवर ती शाखा स्वतंत्रपणे छापे घालते. एवढ्यावरही गुन्हा नोंदला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) प्रमाणे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. त्यासाठी आधी वरिष्ठांकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र लागतं. शिक्के घेतलेल्या प्रती तेव्हा कामी येतात.

धाडीच्या दिवशी आणि त्यानंतर

जुगाराचे बरेच खटले कोर्टात पडतात ते पंचांपायी. झडतीच्या वेळी परिसरातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हवेत असं कायदा सांगतो. पोलीस विचारतात, लोक ‘नको ती कटकट’ म्हणून आपापल्या घरात जातात आणि मग नेहमीचे पंच उभे केले जातात, जे साक्षीच्या वेळी फिरतात किंवा सापडतच नाहीत. तुमच्यातल्या दोघांनी आधीच ठरवून ठेवा की बोलावलं तर आम्ही जाऊ. निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, सोसायटीचे सचिव अशी माणसं यासाठी योग्य. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा: मशीन किती, कुठल्या अवस्थेत, चालू पडद्यावर काय दिसत होतं, रोख किती आणि कुणाकडे, वह्या किती. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५प्रमाणे झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रण व्हायला हवं. ते होतंय का, हे नम्रपणे विचारा.

तोडफोड होऊ देऊ नका. संतापलेल्या महिला मशीन्स फोडतात, टाळ्या पडतात, आणि गुन्हा त्यांच्यावरच दाखल होतो. शिवाय फोडलेलं मशीन पुरावा म्हणून निकामी होतं.

धाडीनंतरचे दोन-तीन आठवडे सगळ्यात महत्त्वाचे, आणि नेमके तेव्हाच लोक सैलावतात. चालवणारा जामिनावर सुटतो आणि मुद्देमाल परत मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करतो. दोषी ठरल्यावर मशीन्स नष्ट करता येतात, पण तोवर ती परत देऊ नयेत यासाठी सरकारी वकिलांनी विरोध करायला हवा. तपास अधिकाऱ्याला एक पानी पत्र द्या: याच पत्त्यावर पूर्वी इतके गुन्हे आहेत, मशीन परत दिल्यास त्याच कामासाठी वापरलं जाईल, म्हणून विरोध नोंदवावा. माहितीच्या अधिकारात आलेलं उत्तर सोबत जोडा. वारंवार गुन्हे करणाऱ्याला हद्दपार करण्याची तरतूद महाराष्ट्र पोलीस अधिनियमात आहे. उपायुक्तांना दिलेल्या अर्जात तीही मागता येते.

गाळ्याचा आधार काढून घेणं

माझ्या मते खरी लढाई इथे आहे. मशीनवाला भाड्याने आलेला असतो. त्याला एक गाळा गेला तर दुसरा मिळतो. मालक मात्र तिथलाच असतो. त्याचं नाव मालमत्तापत्रकात असतं, सोसायटीच्या दप्तरात असतं, आणि बाजारभावाच्या दीडपट भाडं मिळत असल्याने तो डोळे मिटून घेतो. त्याला स्पीड पोस्टने नोटीस गेली की ‘मला माहीतच नव्हतं’ हा बचाव संपतो. नोटिशीत लिहा की आपल्या गाळ्यात जुगार चालतो हे या पत्राने आपल्या निदर्शनास आणत आहोत. कलम ४ खाली जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्यावरही गुन्हा होतो. लिव्ह अँड लायसन्स करार तातडीने रद्द करावा. मी पाहिलंय, वर्षभर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवून जे होत नाही ते अशा एका नोटिशीने होतं, विशेषतः मालक स्वतः नोकरदार किंवा दुसऱ्या धंद्यातला प्रतिष्ठित माणूस असेल तर.

जुन्या पागडीच्या इमारतीत गणित उलटं असतं: मालकाला भाडेकरू नको असतो, पण काढता येत नाही. त्या घरमालकाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९चं कलम १६ दाखवा. शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या, किंवा जागा बेकायदा कामासाठी वापरल्याबद्दल शिक्षा झालेल्या भाडेकरूकडून ताबा मागता येतो. तुमच्या नोंदींची वही त्याच्या दाव्यात पुरावा होते.

गाळा सोसायटीचा असेल तर सर्वसाधारण सभेत विषय घ्या आणि ठराव इतिवृत्तात नीट लिहा. सभासदाने शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं काही करू नये, हे उपविधींत असतंच. म्हाडा किंवा झोपुच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतीत मूळ वाटपाच्या अटी काढा. वापरात बदल दिसला तर त्या प्राधिकरणाकडे स्वतंत्र तक्रार होते.

महापालिकेकडे जुगाराची तक्रार करू नका, ‘पोलिसांचा विषय’ म्हणून ती परत येईल. त्यांच्या अखत्यारीतलं बोला: वाढवलेला ओटा, फुटपाथवर आलेलं शेड, विनापरवाना पोटमाळा, नोंदणी एका धंद्याची आणि वापर दुसऱ्याचा. १९१६वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या आणि मग विभाग कार्यालयात लेखी द्या. अग्निशमन दलालाही प्रत द्या. मे २०२४मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागून अनेक माणसं गेली. अर्धं शटर, एकच दार आणि आत ओव्हरलोड वायरिंग असलेला गाळा हा खरोखरच धोका आहे.

विजेचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मशीन्स अनेकदा वरच्या किंवा मागच्या घराच्या मीटरवरून चालतात. घरगुती जोडणीचा व्यापारी वापर हा वीज कायदा २००३च्या कलम १२६खाली अनधिकृत वापर आहे. शहरात बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण, ज्याची जोडणी असेल त्याच्या दक्षता पथकाला कळवा.

आपल्याच गल्लीतलं राजकारण

एकट्याने नाव पुढे करू नका. पंचवीस-तीस सह्या, त्यांत बचत गटाच्या महिला, दोन-तीन दुकानदार आणि मंडळाचे पदाधिकारी असले की धमकी कुणाला द्यायची हाच समोरच्याला प्रश्न पडतो. धमकी आलीच तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, तोंडी मिटवू नका.

मंडळांना एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. गणपतीत रात्री जागरणाच्या नावाखाली मंडपात पैसे लावून पत्ते चालत असतील, तर ते आधी थांबवा. कायदा तोच आहे आणि मशीनवाल्याचा वकील पहिला फोटो मंडपातलाच दाखवेल.

शेजारच्या दुकानदारांशी रागाने बोलू नका. ‘कोपऱ्यात एक मशीन ठेवतो, वीज तुमची, गल्ला अर्धा-अर्धा’ असा प्रस्ताव त्यांच्याकडे येतो आणि मंदीत तो नाकारणं सोपं नसतं. त्यांना एवढंच समजावा की मशीन दुसऱ्याचं असलं तरी गुन्हा जागा देणाऱ्यावरही होतो, आणि धाडीच्या दिवशी मशीनचा मालक तिथे नसतो. व्यापारी संघाने ‘आमच्या बाजारात कुणीही असं मशीन ठेवणार नाही’ असा ठराव करून त्याची प्रत पोलीस ठाण्यात दिली तर एका दुकानातून निघालेलं मशीन शेजारी जात नाही.

खेळणाऱ्यांच्या घरांसाठी

गाळा बंद झाला तरी हात शिवशिवायचे थांबत नाहीत. बरेच जण मग मोबाइलवर खेळायला लागतात. जुगाराची लत हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत तो आहे, आणि केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

घरच्यांनी तीन गोष्टी लगेच कराव्यात. पगाराच्या खात्याचं एटीएम कार्ड आणि यूपीआय काही काळ दुसऱ्याच्या हाती असावं, आणि हे त्या माणसाच्या संमतीने व्हावं. लपवाछपवीने केलं तर तो उधारीकडे वळतो. दागिने आणि रेशनकार्ड घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. आणि अड्ड्याच्या आसपास फिरणाऱ्या व्याजवाल्याचं देणं गुपचूप फेडून टाकू नका. आधी हिशेब लेखी मागा. विनापरवाना सावकारीविरुद्ध २०१४चा कायदा आहे. तक्रार सहकारी संस्थांच्या सहायक किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे होते, आणि व्याजापोटी घेतलेला कोरा चेक किंवा सही केलेला स्टॅम्प पेपर असेल तर त्याची तारीख आणि तो कुणासमोर दिला हे त्या अर्जात आधी लिहा.